स्पार्टाक मॉस्कोचा दुसरा संघ: तीनदा उभा राहिला, दोनदा मोडला

मे 2022 मध्ये स्पार्टाक मॉस्कोने रशियन कप जिंकला. अंतिम सामन्यात त्यांनी जुन्या वैऱ्याला, डायनॅमो मॉस्कोला, 2-1 असं हरवलं. त्याच उन्हाळ्यात क्लबने आपला दुसरा संघ बंद केला. 'स्पार्टाक-2' या नावाचा हा संघ त्याआधी सलग सात हंगाम रशियाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. एवढा तयार झालेला संघ एका निर्णयात मोडीत निघाला आणि दोन वर्षांनी पुन्हा उभा करावा लागला, तोही चौथ्या पायरीवरून.

असं का झालं ते कळण्यासाठी आधी दुसरा संघ म्हणजे काय ते पाहू.

मोठ्या फुटबॉल क्लबची स्वतःची अकादमी असते. सात-आठ वर्षांची पोरं तिथे येतात आणि सतरा-अठराव्या वर्षापर्यंत आपापल्या वयोगटात खेळतात. मग अकादमी संपते आणि समोर क्लबचा मुख्य संघ उभा असतो. त्यात पंचवीसेक तयार खेळाडू, काही परदेशातून पैसे मोजून आणलेले, काही राष्ट्रीय संघातले. अठरा वर्षांच्या पोराला त्यांच्यात जागा मिळणं जवळजवळ अशक्य. अठरा ते बावीस ही वर्षं म्हणजे खेळाडू घडण्याचा काळ, आणि नेमका याच काळात तो नुसता सराव करत बसला तर खेळ गंजतो. ही पोकळी भरण्यासाठी दुसरा संघ असतो. आजारातून किंवा दुखापतीतून उठलेला मुख्य संघातला खेळाडूही तिथे एक-दोन सामने खेळून अंगात दम आणतो.

आता या संघाने खेळायचं कोणाशी? इथे दोन मतं आहेत. एक म्हणतं, सगळ्या मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या संघांची वेगळी स्पर्धा भरवा, पोरं पोरांशी खेळतील. दुसरं म्हणतं, या संघाला थेट खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये घाला, तिथे तीस-बत्तीस वर्षांचे मुरलेले गडी भेटतील, गुण मिळवायचे असतील, घसरण्याची भीती असेल. इंग्लंडने मुख्यतः पहिली वाट धरली. स्पेनने दुसरी. रशियाने कधी ही धरली, कधी ती, आणि स्पार्टाकच्या दुसऱ्या संघाचा इतिहास हा या हेलकाव्यांचाच इतिहास आहे.

स्पार्टाकची स्थापना 1922 ची. मॉस्कोच्या प्रेस्न्या भागातल्या स्तारोस्तिन भावांनी हा क्लब वाढवला आणि 1935 मध्ये त्याला स्पार्टाक हे नाव मिळालं. डायनॅमो पोलिसांचा, सीएसकेए लष्कराचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा. स्पार्टाक मात्र कामगार संघटना आणि सहकारी संस्थांच्या आधारावर उभा राहिला. म्हणून मॉस्कोतल्या साध्या माणसाला तो आपला वाटला. सोव्हिएत काळात 12 आणि नव्या रशियात 10 विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात एक पद्धत रुळली. सर्वोच्च श्रेणीतल्या क्लबांच्या राखीव संघांची स्वतंत्र स्पर्धा असायची आणि तिचं वेळापत्रक मुख्य स्पर्धेला जोडलेलं असायचं. स्पार्टाकचा मुख्य संघ कीव्हला किंवा तिबिलिसीला खेळायला गेला की राखीव संघही तिकडेच जायचा. दोन राखीव संघ आपसात भिडायचे आणि मुख्य संघांची गाठ त्याच मुक्कामात पडायची. या पद्धतीत एक फार मोठी सोय होती. मुख्य प्रशिक्षक राखीव सामना स्वतः डोळ्यांनी पाहायचा. कोणी चमकला तर पुढच्या सामन्याला त्याला बाकावर घेता यायचं, आणि मुख्य संघातला कोणी मंदावला तर त्याला राखीव संघात धाडता यायचं.

या राखीव संघांचं मोल सांगणारं सर्वांत चांगलं उदाहरण योगायोगाने डायनॅमोचं आहे, पण त्यात स्पार्टाकही आहे. 1950 साली या दोन क्लबांच्या सामन्यात डायनॅमोचा गोलरक्षक खोमिच जखमी झाला. त्याच्या जागी राखीव संघातल्या एका उंच तरुणाला उतरवलं. उंच चेंडू आला, हा तरुण पुढे धावला, आपल्याच बचावपटूवर आदळला आणि स्पार्टाकने गोल केला. त्याची रवानगी परत राखीव संघात झाली. जवळजवळ तीन वर्षं तो तिथे खेळत राहिला. हिवाळ्यात आइस हॉकीतही गोलरक्षकाचं काम करायचा, आणि डायनॅमोकडून त्याने हॉकीचा सोव्हिएत कपही जिंकला. 1953 मध्ये तो मुख्य संघात परतला तो कायमचाच. त्याचं नाव लेव्ह याशिन. 1963 चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला आणि आजवर दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला तो मिळालेला नाही. एका चुकीनंतर क्लबने त्याला हाकललं नाही आणि खेळल्यावाचून बसूही दिलं नाही. राखीव संघ असतो तो यासाठी.

या पद्धतीची उणी बाजूही होती. राखीव संघाने सगळे सामने हरले तरी त्याचं काही बिघडत नसे आणि सगळे जिंकले तरी तो कुठे वर चढत नसे. अठरा वर्षांच्या पोराला सामन्याचं ओझं जाणवलं नाही तर तो मोठा होत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. माझ्या मते ती रास्त आहे.

1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि 1992 पासून रशियाची वेगळी लीग सुरू झाली. युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनिया, बेलारूस इथले क्लब आपापल्या देशांच्या लीगमध्ये गेले. रशियाला श्रेण्या नव्याने भरायच्या होत्या, त्यामुळे खालच्या पायऱ्यांवर भरपूर जागा होती. मोठ्या क्लबांचे राखीव संघ तिथे घालण्यात आले. स्पार्टाकचा संघ 'स्पार्टाक-द' या नावाने उतरला; सुरुवातीला दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे नाव दुसरी असली तरी देशाच्या तिसऱ्या पायरीवर, 1994 पासून तिच्याही खालच्या तिसऱ्या लीगमध्ये. 1997 नंतर ही तिसरी लीगच बंद झाली आणि संघ एक पायरी वर आला, 'स्पार्टाक-2' झाला. लहान गावांतली खडबडीत मैदानं, पगाराची शाश्वती नसलेले विरोधी संघ आणि त्यात मॉस्कोहून आलेली ही पोरं, असा तो काळ होता.

पण याच काळात दुसऱ्या संघाची खरी कसोटी लागली. 1995 च्या शरद ऋतूत स्पार्टाकने चॅम्पियन्स लीगच्या गटातले सहाच्या सहा सामने जिंकले होते. त्यानंतर ओनोप्को, युरान, चेर्चेसोव्ह असे मोहरे परदेशात गेले. 1996 च्या हंगामात स्पार्टाककडे उरले ते थोडे अनुभवी आणि बरेचसे कोवळे खेळाडू. तेव्हा फारसं कोणी त्यांना विजेतेपदाच्या शर्यतीत धरत नव्हतं. प्रशिक्षक गेओर्गी यार्त्सेव्ह यांनी त्याच पोरांना खेळवलं. हंगामाच्या शेवटी स्पार्टाक आणि व्लादिकाव्काझचा अलानिया यांचे गुण सारखे झाले, दोघांचे 72. मग सेंट पीटर्सबर्गमध्ये एक निर्णायक सामना खेळवला गेला. त्सिम्बालार आणि तिखोनोव्ह यांच्या गोलांवर स्पार्टाक 2-1 जिंकला. त्या संघात क्लबच्याच शाळेत वाढलेला, तेव्हा विशीतला येगोर तितोव्ह होता. पुढे तो अनेक वर्षं स्पार्टाकच्या मधल्या फळीचा कणा आणि कर्णधार राहिला. घरात पोरं तयार असली की मोठे खेळाडू विकूनही क्लब उभा राहतो, हे त्या वर्षी दिसलं.

तरीही 2001 मध्ये वारं फिरलं. सर्वोच्च श्रेणीच्या क्लबांनी आपले राखीव संघ खालच्या लीगमधून काढले आणि सोव्हिएत धर्तीची वेगळी स्पर्धा परत आणली. स्पार्टाक-2 पहिल्यांदा मोडला तो असा. 2008 पासून या स्पर्धेचं रूप युवा अजिंक्यपदाचं झालं. 21 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंवर भर आणि थोड्या मोठ्यांना सवलत, अशी रचना ठरली. क्लबांना हे सोयीचं होतं. परवाना वेगळा नको, प्रवास मुख्य संघाबरोबर, खर्च कमी. पण जुनं दुखणं तसंच राहिलं. या स्पर्धेत खोऱ्याने गोल करणारी पोरं मुख्य संघात आली की धक्काबुक्कीत मागे पडत. समवयस्कांना चकवणं वेगळं आणि दहा वर्षं लीग खेळलेल्या बचावपटूने कोपर लावून दाबून धरलं असताना चेंडू राखणं वेगळं.

म्हणून 2013 मध्ये स्पार्टाकने दुसरा संघ पुन्हा लीगमध्ये उतरवला, देशाच्या तिसऱ्या पायरीवर, पश्चिम विभागात. युवा अजिंक्यपदाचा संघही चालूच राहिला, म्हणजे अकादमी आणि मुख्य संघ यांच्यामध्ये आता दोन पायऱ्या झाल्या. स्मोलेन्स्क, प्स्कोव्ह, इवानोवो, व्लादिमिर अशा जुन्या शहरांचे संघ समोर होते. 2014-15 मध्ये स्पार्टाक-2 आपल्या विभागात पहिला आला आणि दुसऱ्या श्रेणीत चढला. याच हंगामात मुख्य संघ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हक्काच्या स्टेडियमवर खेळू लागला होता. सुमारे 45,000 प्रेक्षकांचं ते स्टेडियम तुशिनोमध्ये आहे. दुसऱ्या संघाचा मुक्काम मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोकोल्निकीत, अकादमीच्या परिसरात. या अकादमीला फ्योदोर चेरेन्कोव्ह यांचं नाव आहे. ऐंशीच्या दशकात सगळ्या मॉस्कोचा लाडका असलेला हा खेळाडू ऑक्टोबर 2014 मध्ये वारला.

दुसऱ्या संघाला लीगमध्ये घेताना काही नियम लावावे लागतात. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की तो मुख्य संघाच्या श्रेणीत कधीच जाऊ शकत नाही. एकाच मालकाचे दोन संघ एकाच स्पर्धेत असले तर हंगामाच्या शेवटी एकाने दुसऱ्यासाठी सामना सोडला अशी शंका येणारच. म्हणून स्पार्टाक-2 पहिल्या क्रमांकावर आला असता तरी त्याची बढती खालच्या क्रमांकाच्या संघाला गेली असती. आपल्याकडे आय-लीगच्या दुसऱ्या विभागात आयएसएल क्लबांचे राखीव संघ खेळायचे तेव्हा त्यांनाही बढतीची दारं अशीच बंद होती. दुसरा नियम, रशियन कपमध्ये दुसऱ्या संघांना प्रवेश नाही. तिथे मुख्य संघ असतोच.

नियम असूनही कुरबुर राहतेच. लहान शहराचा क्लब वर्षभर पै-पै जोडून बढतीसाठी झुंजतो आणि त्याला भेटणारा स्पार्टाक-2 एखाद्या आठवड्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी भरलेला असतो, तर दुसऱ्या आठवड्यात दुखापतीतून उठलेले मुख्य संघाचे खेळाडू घेऊन येतो. गुण मात्र दोन्ही सामन्यांचे सारखेच. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे खेळाडूंच्या ये-जा करण्यावर मर्यादा घालणं. त्यासाठी संघच बाहेर काढण्याची गरज नाही.

आता दुसऱ्या श्रेणीतलं जगणं कसं असतं ते पाहा. 2015-16 मध्ये या श्रेणीत एका टोकाला बाल्टिक समुद्रावरचं कालिनिनग्राद होतं आणि दुसऱ्या टोकाला पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं व्लादिवोस्तोक. मॉस्को ते व्लादिवोस्तोक रेल्वेने 9,000 किलोमीटरहून जास्त, विमानाने आठ-नऊ तास, आणि घड्याळात सात तासांचा फरक. तिथे संध्याकाळी सात वाजता सामना सुरू होतो तेव्हा मॉस्कोत दुपारचे बारा वाजलेले असतात. वरून खाबारोव्स्कचाही दौरा. अकादमीत बसने शहरातल्या शहरात सामन्याला जाणारा मुलगा एकदम या चक्रात पडतो. झोप कशी सांभाळायची, विमानातून उतरून दोन दिवसांत पाय कसे हलके करायचे, घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली तर डोकं कसं शांत ठेवायचं, हे सगळं तो तिथे शिकतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही.

आणि 2016-17 मध्ये तर अशी गोष्ट घडली की रशियन फुटबॉलवर प्रेम करणाऱ्याने ती विसरू नये. आदल्या हंगामात डायनॅमो मॉस्को इतिहासात पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीतून घसरला होता. याशिनचा क्लब दुसऱ्या श्रेणीत आला आणि तिथे त्याला स्पार्टाकचा दुसरा संघ भेटला. देशातल्या सर्वांत जुन्या वैराचा लीग सामना एका बाजूने मुख्य संघ आणि दुसऱ्या बाजूने राखीव पोरं असा खेळला गेला. त्या पोरांना याहून मोठी शाळा कोणती मिळणार! डायनॅमो त्या हंगामात श्रेणी जिंकून परत वर गेला. याच लीगमधला एसकेए खाबारोव्स्कही प्ले-ऑफ जिंकून सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. म्हणजे स्पार्टाक-2 ज्यांच्याशी दर आठवड्याला झगडत होता ते संघ खरोखरच वरच्या दर्जाचे होते.

त्याच वर्षी मुख्य संघाने मास्सिमो कार्रेरा यांच्या हाताखाली विजेतेपद पटकावलं, 2001 नंतरचं पहिलं. त्या संघाच्या बचावात इल्या कुतेपोव्ह होता. स्ताव्रोपोलचा मुलगा, तोल्याती इथल्या कोनोप्ल्योव्ह अकादमीत घडलेला, स्पार्टाकमध्ये आल्यावर दुसऱ्या संघात रगडून खेळलेला. 14 जून 2018 रोजी लुझ्निकी स्टेडियमवर विश्वचषकाचा पहिला सामना झाला, रशियाने सौदी अरेबियाला 5-0 ने हरवलं, तेव्हा सर्गेई इग्नाशेविचच्या शेजारी मधल्या बचावात तोच उभा होता. त्याच्या मागोमाग गोलरक्षक अलेक्सांद्र माक्सिमेंको, बचावपटू निकोलाय रास्काझोव्ह, मधल्या फळीतला अयाझ गुलियेव्ह असे बरेच जण या वाटेने मुख्य संघात आले.

या सगळ्यामागे पैशाचं गणितही होतं. 2015-16 पासून रशियन प्रीमियर लीगमध्ये एका वेळी मैदानावर जास्तीत जास्त 6 परदेशी खेळाडू चालत, म्हणजे निदान 5 रशियन हवेतच. परिणाम असा झाला की चांगल्या रशियन खेळाडूंचे भाव आणि पगार भलतेच चढले. बाजारातून असा एक खेळाडू आणायचा तर मोठी रक्कम मोजावी लागे. घरात तयार झालेला कुतेपोव्ह त्यापुढे कितीतरी स्वस्त. म्हणूनच याच वर्षांत सेंट पीटर्सबर्गच्या झेनित क्लबनेही दुसरा संघ दुसऱ्या श्रेणीत आणला, आणि 2018 मध्ये क्रास्नोदार-2 तिथे चढला. क्रास्नोदारचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. गोलरक्षक मात्वेई साफोनोव्ह आणि मधल्या फळीतला एदुआर्द स्पेर्त्स्यान दोघंही क्रास्नोदार-2 मधून वर आले. साफोनोव्हला 2024 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने घेतलं.

मग स्पार्टाकने संघ का मोडला? 2022 चा काळ आठवा. फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाल्यावर फिफा आणि युएफाने रशियन क्लबांना आपल्या स्पर्धांमधून बाहेर काढलं. स्पार्टाकचा युरोपा लीगमधला जर्मनीच्या लाइपझिग क्लबशी ठरलेला सामना झालाच नाही. युरोपातून येणारा पैसा थांबला, परदेशी खेळाडू निघून जाऊ लागले. क्लबची मालकीही त्या उन्हाळ्यात बदलली: लिओनिद फेदुन बाजूला झाले आणि लुकोइल ही तेल कंपनी थेट मालक झाली. अशा वेळी हिशेबाच्या वहीत दुसरा संघ फक्त खर्चाच्या रकान्यात दिसतो. प्रशिक्षक, वैद्य, पगार, व्लादिवोस्तोकची तिकिटं. आणि त्यासमोर तिकीटविक्री नगण्य, बढती नाही, बक्षिसाची रक्कम नाही. त्याचा नफा चार-पाच वर्षांनी, तोही एखाद्या वेगळ्याच खेळाडूच्या रूपाने येतो.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. परदेशी खेळाडू येईनासे झाल्यावर घरच्या पोरांची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची पायरी काढून घेतली गेली. क्लब म्हणतील की पोरांना इतर संघांना उसने देता येतं. देता येतं, पण उसना घेतलेला खेळाडू त्या प्रशिक्षकाचा नसतो. संघ घसरणीच्या भीतीत असला की त्याला बाकावर बसवतात, आणि आपल्या क्लबची खेळण्याची पद्धत त्याला तिथे कोणी शिकवत नाही. युवा लीगमध्ये ठेवावं तर 2001 नंतरचं दुखणं पुन्हा सुरू.

शेवटी 2024 मध्ये स्पार्टाक-2 परतला. पण मोकळी केलेली जागा कोणी राखून ठेवत नाही. मधल्या काळात रशियाने तिसऱ्या पायरीची रचना बदलली होती. दुसऱ्या लीगचे 'अ' आणि 'ब' असे दोन विभाग पाडले आणि 'ब' विभाग व्यवहारात चौथी पायरी झाला. स्पार्टाक-2 ला तिथून सुरुवात करावी लागली. 2022 मध्ये ज्या श्रेणीत तो होता तिथे परत पोहोचायला त्याला आधी 'ब' मधून 'अ' मध्ये आणि मग 'अ' मधून वर चढायचं आहे, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी काही हंगाम. तोवर अकादमीतून दर उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या मुलांना दुसऱ्या श्रेणीचा तो कस मिळणार नाही, आणि त्यांच्यातल्या कोणाला तो हवा असेल तर दुसऱ्या क्लबचा शर्ट घालूनच मिळवावा लागेल.